वीतभर मासा

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दरवर्षी मला फोन करतात. "सर, चाळीस वर्षं तबला वाजवला. कुणाकुणाला साथ केली ते लिहून द्या ना." मी दरवर्षी हो म्हणतो आणि लिहीत नाही. कारण त्या यादीत दोनच प्रकारची माणसं निघतात. मी साथ केली तरी मोठे झाले ते, आणि मी साथ केल्यामुळे मोठे व्हायचे राहिले ते. दुसऱ्या प्रकारातले पुष्कळसे अजून जबलपुरातच राहतात आणि हा अंक त्यांच्या घरी जातो.

म्हणून यंदा ठरवलं, तबल्याबाहेरचं लिहायचं. संगीत सोडून मी जे उद्योग केले त्याबद्दल. एका हिवाळ्यात सायकलनं मंडल्याला निघालो आणि मटारच्या पोत्यांवर बसून ट्रकमधून परत आलो. मग दुर्बीण घेऊन पक्षी बघायला लागलो. अर्धा तास श्वास रोखून ज्या बगळ्याकडे बघत होतो, तो बाभळीला अडकलेला खताचा पांढरा कट्टा, रिकामं पोतं, निघाला. या सगळ्यात टिकला एकच नाद, नर्मदेवर गळ टाकून मासे धरण्याचा. त्यातल्या एका माशाची गोष्ट मी आजवर किती बैठकांत सांगितली याचा हिशेब नाही. लोक हसतात, चहा पुन्हा मागवतात. पण ती गोष्ट मी कधी पूर्ण सांगितलेली नाही. आज पूर्ण लिहायची आहे.

आधी धंदा समजून घ्या. उजव्या हाताला असतो तो लहान, लाकडी तबला. त्याच्या काठावर तर्जनी पडली की 'ना' वाजतो, घंटीसारखा. डाव्या हाताचा मोठा, घुमणारा तो बायां. त्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की आवाज वर चढतो, कुणी प्रश्न विचारावा तसा. म्हणजे डाव्या हातानं दाबायचं आणि सरकवायचं, उजव्या हाताच्या तर्जनीनं नेमकं मारायचं. चाळीस वर्षं माझे दोन हात दोन वेगळ्या माणसांसारखे राहिले आहेत, आणि त्यातला कमावता माणूस म्हणजे ती तर्जनी.

साथ करणं म्हणजे गाणाऱ्याच्या आधी पोचायचं नाही आणि मागे राहायचं नाही. गाणारा मधेच कुठं पडला तर आपण असा चेहरा करायचा की चूक आपलीच. मान खाली घालायची, तबल्याची गादी नीट केल्यासारखं करायचं. श्रोते म्हणतात, आज तबलेवाला जमला नाही. हे आमच्या पेशातलं मोठं काम, आणि मी ते चांगलं करायचो. एवढी एक बढाई मला मारू द्या.

नदीवर मात्र कुणाची साथ करायची नसते. गळ टाकला, दोरी बोटावर घेतली, की तुम्ही आणि पाणी. माझी बायको सुमन हिला हे पटत नाही. ती पुलगावची. माझ्या आजोबांसारखीच तीही वर्ध्याकडून इकडे आली आणि कांचघरच्या आमच्या घरात तिनं जबलपूर शिरू दिलं नाही. "दहा बोटांवर घर चालून राहिलं," ती म्हणायची, "अन् तुम्ही ते काट्याच्या तोंडी नेऊन देता. काहून?" त्या 'का'वर मी गळ उचलून निघायचो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा मी गळाबरोबर तबलाही नदीवर नेला होता. लम्हेटा घाटाच्या पुढे, पात्रात एक सपाट खडक आहे. हिवाळ्यात तिथं कोरड्या पायानं जाता येतं. संध्याकाळी कुसुमताईंचा कार्यक्रम होता, म्हटलं, सकाळी इथंच हात तयार करू. वाजवायला बसलो. एक लांबलचक रचना सुरू केली, जी समेवर येईपर्यंत सोडता येत नाही. काठावर खुमान होता. खुमान नावाडी, माझा जुना दोस्त. बघतो तर तो टाळ्या वाजवतोय आणि मधेच हात झुलवतोय. आता, ताल हातावर मोजताना टाळी देतात आणि 'खाली' आली की हात बाजूला झुलवतात. मला वाटलं, वा, इतक्या वर्षांत या माणसाला ताल समजायला लागला! फक्त खाली चुकीच्या जागी दाखवत होता. मी वाजवता वाजवता मान हलवून त्याला दुरुस्तही केलं.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. भोंगा झाला होता म्हणे. मला तो लांबच्या तानपुऱ्यासारखा वाटला. बायांखालची चुंबळ तरंगत निघून गेली तेव्हा मला समजलं, पण तेव्हाही मी समेवर येऊनच थांबलो. खुमाननं डोंगा आणला आणि मला तबल्यासकट आत ओढलं. "मास्साब," तो म्हणाला, "आप मर जाते तो भी पूरा बजाके मरते. हओ के नईं?"

त्या संध्याकाळी टॉवेलची गुंडाळी करून त्यावर बायां ठेवला आणि साथ केली. ताईंना कार्यक्रमानंतर सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवाकर, एक शब्द दे. माझ्या कार्यक्रमाच्या दिवशी नदी नाही."

दिला.

कुसुमताई म्हणजे शहरातल्या जुन्या गायिका. मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या, वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी तेविसाव्या वर्षापासून त्यांच्या साथीला. त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे तराणा. ज्यांना गाण्यातलं फार समजत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तराण्यात अर्थाचे शब्द नसतात, नुसते बोल, आणि लय एवढी वाढवत नेतात की ऐकणारा खुर्चीत पुढे सरकतो. ताई तराणा घ्यायच्या तेव्हा माझी तर्जनी आणि त्यांची जीभ यांच्यात शर्यत लागायची, आणि दोघांनी एकदम पोचायचं असा करार होता.

पाच वर्षांमागं त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल. गाण्याचं कुणी काही म्हणालं नाही. वर्षभर त्या पाटीवर लिहून बोलायच्या. मग एक दिवस बोलावणं आलं. स्वराची पट्टी उतरली होती, आवाजात जरा खरखर होती, पण सूर होता. तिथून दीड वर्ष आम्ही रोज सकाळी बसलो. आधी नुसता सा. मग अर्धा राग. शेवटचे सहा महिने फक्त तराणा. रोज थोडी लय वाढवायची, आवाज फाटला की परत खाली. शहरात तोवर बोलणं सुरू झालं होतं की ताईंचं संपलं. त्यांच्या कानावरही आलं असणार.

मंडळानं कार्यक्रम ठरवला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाकी सगळं लोक सांभाळून घेतील रे. जुनी बाई आहे म्हणून टाळ्या देतील. पण तराणा झाला, तर मी परत आले. नाही झाला तर नाही."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला. मी पहाटे चारपासून जागा. त्यांच्या गळ्याची भीती त्यांना किती होती माहीत नाही, मला मात्र पुरेपूर होती. लय तुटली तर मी काय करायचं, कुठं पकडायचं, हेच डोक्यात. रियाजाला बसलो तर बोटं ऐकेनात. मला हे शांत करायचं एकच ठिकाण माहीत होतं. सुमनला म्हटलं, तबल्याची पावडर संपली, घेऊन येतो. "सहा वाजता सकाळी कोणतं दुकान उघडं राहते?" ती आतूनच ओरडली. मी स्कूटरला किक मारली.

तासाभराचाच बेत होता. आणि शब्दाची अर्धी लाज राखायला एक नियम मनाशी केला, आज उजव्या हाताला काही करू द्यायचं नाही. पाण्यात हात डावा, गांडूळ लावायचं डाव्या हातानं, सगळं डाव्या हातानं. किती शहाणपणा! खुमान काठावर चहा करत होता. माझं मन खरंच निवळायला लागलं होतं. तेवढ्यात दोरीला झटका आला.

टेंगरा होता. या माशाला खवले नसतात, अंग गुळगुळीत, मिशा मांजरीसारख्या, आणि दोन्ही कल्ल्यांमागं व पाठीवर करवतीसारखे काटे. तो काटा लागला की विंचू बरा वाटतो. तो कसा धरायचा हे मला तीस वर्षं माहीत आहे. ओलं फडकं घ्यायचं, खालून, काट्यांच्या मागं बोटं घालायची. उजव्या हातानं मी ते डोळे मिटून करतो. पण उजव्याला सुट्टी होती. म्हणून दोरी क्षणभर उजव्याकडे देऊन डावा हात पुढे केला, आणि डाव्या हाताला आयुष्यात एकच काम येतं. त्यानं माशावर मनगट दाबलं आणि पुढे सरकवलं. बायांवर असतं तर छान आवाज निघाला असता. मासा सुर्रकन सरकला, उलटला आणि दोरी धरून बसलेल्या उजव्या हाताच्या तर्जनीत काटा पार आत गेला.

मासा बोटाला तसाच लटकत होता.

"अरे बड्डे! जे का कर लओ?" खुमान धावत आला. त्यानं मासा ओढला, बोट बघितलं आणि ते आपल्या गरम चहाच्या ग्लासात बुडवलं. "डारे रहो. गरम से जहर मरत है."

मी नर्मदेच्या काठावर, चहात बोट घालून बसलो होतो. घड्याळात साडेसात झाले होते. सहाला साडेदहा तास बाकी. मी पेराचं माप मनात घेतलं. पाच मिनिटांनी परत घेतलं. वाढलं होतं.

रविवार असल्यामुळे शहरात ओमतीला एकच दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टर तरुण होते. जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. "आठ दिवस हे बोट हलवायचं नाही. काय काम करता अंकल?"

"तबला वाजवतो."

"मग काही हरकत नाही. आठ दिवस दुसऱ्या हातानं वाजवा."

मी विचारलं, दुखणं बंद होईल असं काही देता येईल का. ते म्हणाले, बोट बधिर करता येईल, तीन-चार तास काही समजणार नाही. मी एकदम हो म्हणणार होतो. मग लक्षात आलं, बधिर बोटाला कातडं कुठं आहे हे समजणार नाही. 'ना' काठावर मारतात, त्याच्या आत जरा पडला की तो 'ना' राहत नाही, लाकडावर टकटक होते. दुखऱ्या बोटाला निदान पत्ता माहीत असतो. नको म्हटलं.

आता इथं मी जे केलं नाही ते सांगतो, कारण गोष्ट सांगताना मी ते नेहमी गाळतो. माझा एक विद्यार्थी आहे, नरेश. चाळिशीचा, बँकेत आहे, हात माझ्यापेक्षा साफ. ताईंच्या घरी तो आमच्या बैठकीला आठवड्यातून एकदा येऊन बसायचा, तराणा त्याला तोंडपाठ होता. मी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून त्याचा नंबर काढला. एक बटण दाबायचं होतं. पण नरेशला सांगायचं म्हणजे ताईंना सांगायचं, आणि ताईंना सांगायचं म्हणजे नदी सांगायची. मी फोन खिशात घातला. स्वतःला म्हटलं, अजून पुष्कळ वेळ आहे, सूज उतरेल.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच होत्या. कार्यक्रमाच्या दिवशी त्या नेहमी एकदा विचारायच्या.

"दिवाकर, हात कसा आहे?"

"उत्तम आहे, ताई."

घरी सुमननं दारातच पकडलं. "हे काय? बोटाला काय झालं?"

"दारात सापडलं."

"कोणत्या दारात? दाराला कल्ले असतात काय? शर्टाला मच्छीचा वास येऊन राहिला." तिनं माझा हात उचलून धरला. सूज तळव्यापर्यंत आली होती. "ताईंना सांगा," ती म्हणाली.

"सांगतो."

"कधी?"

"कार्यक्रम झाल्यावर."

दुपारभर मी स्वयंपाकघरात बसून होतो. गरम पाण्याचं पातेलं, त्यात बोट. पाणी कोमट झालं की सुमन दुसरं ठेवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. दर पंधरा मिनिटांनी मी मांडीवर बोट आपटून बघायचो, डोळ्यापुढं पांढरं व्हायचं. दोन वाजता मधल्या बोटानं 'ना' काढून बघितला. निघत होता. बसका, पण निघत होता. विलंबित चालून जाईल असं वाटलं. मधली लयही कशीबशी. तराण्याचं नावही मी मनात घेत नव्हतो. सुमन मागच्या अंगणात फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती. बहिणीशी माझ्या तक्रारी करत असेल म्हणून मी कान दिला नाही.

पाच वाजता पट्टी सोडली. बोटावर तबल्याची पावडर इतकी थापली की ते पीठ लावलेलं गाजर दिसायला लागलं.

सभागृहाच्या मागच्या खोलीत ताई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या, हातात कोमट पाण्याचा पेला. मी तबला हातोडीनं सुरात लावत होतो, पाठ त्यांच्याकडे करून. नरेश आत आला, पाया पडला. "सर, काही लागलं तर सांगा. मी दुसऱ्याच रांगेत आहे."

"पाणी आणून ठेव," मी म्हटलं.

तो गेला. ताई म्हणाल्या, "दिवाकर, काही सांगायचंय?"

"तानपुरा जरा उतरलाय, ताई."

त्यांनी पेला खाली ठेवला. "बस, एवढंच?"

"एवढंच."

"चलो," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

मारू बिहाग होता. सभागृह भरलेलं, बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या. विलंबित सुरू झालं आणि मी पहिल्या काही आवर्तनांतच घामानं भिजलो. पण तो आवाज! वर्षभर पाटीवर लिहिणाऱ्या बाईचा आवाज, खरखर मागं सोडून, सरळ उभा राहिला. लोक हलले. मला रडू यायला हवं होतं, पण मी बोटाच्या ठोक्यांत गुंतलो होतो. बोट स्वतःच्याच लयीत ठणकत होतं आणि ती लय एकतालाशी जुळत नव्हती. ताईंनी विलंबित लांबवलं, चाळीस मिनिटांच्या वर नेलं. मी मनात त्यांचे आभार मानत होतो. मग छोटा ख्याल घेतला, तोही आमच्या नेहमीपेक्षा कितीतरी खाली. एकदाच त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. पावडर घामानं वाहून गेली होती.

ख्याल संपला. आता तराणा. कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं होतं. सुरुवात करू, मी ठरवलं, लय वाढली की बघू. एखादं आवर्तन तुटलं तर मान खाली घालू, गादी नीट करू. पहिल्यांदाच चूक खरोखर माझी असेल, म्हणजे चेहरा करावा लागणार नाही. अशा वेळीही डोक्यात असले विनोद येतात.

ताईंनी माइक जवळ ओढला. "तराणा म्हणायचा विचार होता," त्या म्हणाल्या, "पण आज आवाज तेवढा साथ देत नाहीये. माफ करा. एक भजन म्हणते."

सभागृहातून एक उसासा गेला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी शेजारच्याकडे वळून मान हलवली. बघा, झालंच शेवटी, अशी. मी ती मान पूर्ण बघितली. माझी मान खाली होती तरी बघितली. ताईंनी त्याच मानेकडे बघत भजन सुरू केलं, संथ, मधल्या बोटानं वाजवता येईल एवढ्या लयीत.

कार्यक्रमानंतर त्या मागच्या खोलीत तंबोऱ्याला गवसणी घालत होत्या. मी दारात उभा राहिलो. "ताई, माझं बोट..."

"मासा केवढा होता?"

मी हात पाठीमागे नेला.

"दुपारी सुमनचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "नरेशला मीच बोलावलं. त्याचा तबला त्याच्या गाडीत आहे, सुरात लावलेला."

"मग ताई, तुम्ही त्यालाच का नाही..."

"तुला उठवून?" त्या पहिल्यांदा चिडल्या. "चाळीस वर्षं साथीला बसलेल्या माणसाला मी बैठकीवरून उठ म्हणू? ते गाणाऱ्यानं करायचं नसतं, दिवाकर. तू सांगायचं असतं. मी दोनदा विचारलं."

बाहेर नरेश गाडीपाशी उभा होता. मला बघून त्यानं डिकी हळूच लावली.

पुढं काय झालं ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे, फक्त उलटं माहीत आहे. आवाज गोड आहे पण दम राहिला नाही, असं शहरात पक्कं झालं. नंतर दोन बोलावणी आली ती, काहीतरी हलकंफुलकं गा, अशी. ताईंनी दोन्हींना नाही म्हटलं. तिसरं आलं नाही.

बोट बरं व्हायला तीन आठवडे लागले. पट्टी सुटली त्या सकाळी मी तबला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तंबोरा उचलला आणि तराणा सुरू केला. खिडकीबाहेर शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या. लय वाढवत नेली, आणखी वाढवली, जिथं आम्ही कधीच गेलो नव्हतो तिथं नेली आणि समेवर दोघं एकदम पोचलो. शेजारच्या बाईंच्या हातातली चादर तशीच राहिली होती. "बहुत अच्छा, दीदी," त्या खिडकीतून म्हणाल्या. तेवढाच त्या तराण्याचा श्रोता.

मी मात्र माशाची गोष्ट सांगत सुटलो. चहात बुडवलेलं बोट, डॉक्टरांचं बोलणं, दाराचे कल्ले. लोक हसायचे आणि मासा मोठा होत जायचा. कुणी विचारलं, मग कार्यक्रम कसा झाला, तर मी म्हणायचो, निभावला. खडकावरून डोंग्यात घेताना खुमाननं मला हाताला धरून ओढलं होतं. सभागृहात ताईंनी धरलं, आणि मी वर येऊन लोकांना सांगत फिरलो की मला पोहता येतं.

तेव्हा त्या संध्याकाळी सभागृहात जे होते, पहिल्या रांगेतले विशेषतः, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. ताईंच्या आवाजाला काही झालेलं नव्हतं. तराणा तयार होता. साथ कमी पडली.

हा लेख द्यायच्या आधी ताईंकडे नेला. परवानगी घ्यायला, आणि खरं सांगायचं तर त्या नको म्हणतील या आशेनं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. एका ठिकाणी त्यांनी पेन्सिल मागितली.

"हे काय? 'मासा चांगला हातभर होता'?"

"ताई, वाचणाऱ्याला जरा वाटायला हवं ना, की कशापायी..."

"खरा केवढा होता?"

मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. तर्जनी अजूनही पूर्ण सरळ होत नाही.

"मग तेवढाच लिही," त्या म्हणाल्या. "माझा तराणा तेवढ्याशा माशापायी गेला. त्याला मोठा करू नको."

वीतभर होता.